डाव्या पायाला काम नाही

मे लागला आहे. सकाळी साडेदहालाच अंगणातल्या गाडीच्या दाराला नुसता हात लावता येत नाही, ओढणीचं टोक मध्ये धरावं लागतं. दार उघडलं की आतला भपका अंगावर येतो. मी दोन पावलं मागे सरते, चारही दारं सताड उघडते आणि कडुनिंबाखाली पाच मिनिटं उभी राहते. समोरच्या घरातल्या वहिनींना वाटतं, गाडी थंड व्हायची वाट पाहून राहिली बाई. तसं नसतं. मी पुन्हा आत डोकं घालते, डोळे मिटते आणि वास घेते. एकेक वास सुटा करून ओळखते. तापलेलं प्लास्टिक. रबर. धूळ. सीटच्या कापडात मुरलेला घाम. एवढेच आहेत, पाचवा नाही, अशी खात्री पटली की मगच आत बसते.

ही सवय गेल्या उन्हाळ्यातली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेत गेली. सडक्या अंड्यासारखा येणारा वायू, नाकात सुई खुपसणारा अमोनिया, बदामाचा भास देणारी द्रव्यं. डोळे बांधून बाटली नाकाशी धरली तरी नाव सांगीन, असा माझा तोरा होता. पोरं गमतीनं परीक्षाही घ्यायची. गेल्या उन्हाळ्यानं तो तोरा पार उतरवला. आणि उतरवला तो या पांढऱ्या, ठेंगण्या, मान टाकत चालणाऱ्या गाडीत.

मला ही गाडी आवडत नाही. आवडत नाही हा शब्द सौम्य झाला. मला हिचा पहिल्या दिवसापासून तिटकारा आहे.

पहिला दिवस मार्चमधला. शोरूममध्ये गाडीवर लाल साटीनचं कापड टाकलेलं. त्याची दोन टोकं आम्हा नवराबायकोच्या हातात दिली आणि मोबाईल रोखून कुणीतरी "स्माइल, मॅम, स्माइल" करत होतं. कापड ओढल्यावर पाच-सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या दोघांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. बॉनेटवर प्लास्टिकच्या झेंडूची माळ, तीच माळ नंतर पुढच्या गाडीला. हळदकुंकू लावायला मी बोट पुढे केलं तर बॉनेटवर आधीच्या कुणाच्या केकचं क्रीम लागलेलं. ते माझ्या बोटाला आलं. ते गुळगुळीत, कोमट क्रीम पुसायला जागा सापडेना, तेवढ्यात विक्रेता दिवाकरांना म्हणाला, "सर, मॅडमसाठी एकदम बेस्ट चॉइस. क्लचचं टेन्शनच नाही. डाव्या पायाला काम नाही."

दिवाकर म्हणजे माझे यजमान. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात हयात गेली, दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. ते माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "तुह्यासाठीच घेतली."

मी काही मागितलं नव्हतं. आमची जुनी गाडी चौदा वर्षांची होती, क्लचची, कष्टाळू. ती एका आठवड्यात विकून टाकली त्यांनी, मला विचारलंही नाही. मीच नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "ट्राफिकमधी तुले तरास होते क्लचचा." मला कधीच त्रास झाला नव्हता. माझं माहेर नरखेड तालुक्यातलं, संत्र्या-मोसंब्यांच्या बागांमधलं. अकरावीत असताना बाबांनी मला जीप शिकवली होती. मागे संत्र्यांचे क्रेट रचलेले, नाल्याचा चढ, आणि चढावर मध्येच जीप थांबवून बाबा खाली उतरायचे. मागच्या चाकाजवळ आपली काठी आडवी ठेवायचे आणि म्हणायचे, "आता काढ. काठी मोडली नाई पाह्यजे." क्लच अर्धा सोडायचा, जीप थरथरायला लागते तो क्षण तळपायाला कळतो, तिथं धरायचा. "क्लच पायानं आयकाचा असते," असं त्यांचं म्हणणं. त्यांची काठी मी एकदाही मोडली नाही. आणि आता बावन्नाव्या वर्षी मला सांगण्यात येत होतं की तुझ्या डाव्या पायाला काम नाही, बायकांसाठी बरं असतं.

अशा गाडीत क्लच नसतो असं नाही. असतो, पण आपल्याऐवजी आत बसवलेलं एक यंत्र तो दाबतं आणि गिअरही तेच बदलतं. आपण रेस द्यायची, नाहीतर ब्रेक दाबायचा, दोन्ही उजव्या पायानं. ऐकायला छान. पण ते यंत्र म्हणजे नुकत्याच शिकलेल्या माणसासारखं. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर श्वास कोंडतं, गाडी लटकते, आत बसलेल्या सगळ्यांच्या माना पुढे जातात आणि पुढच्या क्षणी मागे आपटतात. पुन्हा दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. पुन्हा माना. प्रताप नगरच्या चौकापासून माझ्या कॉलेजपर्यंत सात सिग्नल आहेत. त्या सातही सिग्नलांवर मी नंदीबैलासारखी मान हलवत जायची. पन्नाशीपर्यंत मला कधी कुठल्या वाहनात मळमळलं नव्हतं.

आणि उड्डाणपुलाच्या चढावर तिनं माझी अब्रू काढली. पुढची रांग थांबली, मी ब्रेक दाबला. रांग हलली तसा ब्रेक सोडून रेसवर पाय नेला, तेवढ्या वेळात गाडी हातभर मागे घसरली. मागच्या मोटरसायकलवाल्यानं डिकीवर थाडकन हात मारला. "ओ मॅडम! मांगं कायले येऊन राहिल्या? नाई जमत तं घरी ठेवा ना गाडी!" मला, नाल्याच्या चढावर काठी न मोडणारीला, तो हे सांगत होता. मी काच खाली करून त्याला समजावणार होते की यात चढावर हँडब्रेक ओढूनच निघावं लागतं, ही खोड गाडीची आहे. पण मागचे हॉर्न सुरू झाले. घरी येऊन मी किल्ली टेबलावर टाकली, ती घसरत जाऊन खाली पडली.

"नवी हाय. सवय होईन," दिवाकर म्हणाले. किल्ली त्यांनीच उचलली. उचलताना टेबलाला धरून वाकले, तेही मी पाहिलं आणि विसरले.

त्यानंतर बहुतेक वेळा तेच चालवायचे. मला सोडायला यायचे, घ्यायला यायचे. मी बाजूला बसून चिडचिड करायची. सीटवरचं पॉलिथिन त्यांनी महिनाभर काढू दिलं नाही. "नवी गाडी हाय, राहू दे." एप्रिलात ते पॉलिथिन पाठीला चिकटायचं आणि उतरताना चर्र आवाज करत सुटायचं, जणू अंगाची साल निघते आहे. दिवाकर मात्र अशा उन्हात मोजे आणि बूट घालून गाडी चालवायचे. नागपुरात एप्रिल-मेमध्ये चपलेशिवाय दुसरं काही पायात घालणारा माणूस एकतर नोकरीवर निघालेला असतो, नाहीतर लग्नाला. मी विचारलं तर म्हणाले, "नव्या गाडीत चप्पल बरी नाई दिसत."

एप्रिल संपता संपता वास सुरू झाला.

पहिल्यांदा मला वाटलं पॉलिथिन. फाडून काढलं. मग वाटलं डबा सांडला असेल, ताक सांडलं असेल. पायाखालचे मॅट धुतले, उन्हात वाळवले. वास गेला नाही. गाडी उभी असताना तो फारसा कळायचा नाही. निघालो, काचा लावल्या, एसी सुरू केला, की चार-पाच मिनिटांनी यायचा. गोडसर. उन्हाळ्यात फळांच्या टोपलीत खाली दबलेला एखादा आंबा पिकून, फुटून, काळा पडतो तेव्हा येतो तसा. पण त्याच्या पोटात आणखी काहीतरी, मांसाचं. मी नाकाला ओढणी लावायची आणि काच खाली करायची. बाहेरची लू आत यायची, तोंड भाजायचं, तरी ती बरी.

"तुमाले येऊन नाई राहिला का वास?"

"मले तं काई येऊन नाई राहिला," दिवाकर म्हणायचे. समोर पाहत.

मी बाजारातून सुगंधी बाटल्या आणल्या. एक गुलाबाची, एक लिंबाची, तिसरी कसल्यातरी समुद्राची. कापराच्या वड्याही पुरचुंडीत बांधून आरशाला टांगल्या. वास गेला नाहीच, उलट त्यानं गुलाब पांघरला. सडकं काही नुसतं सडकं असलं तर माणूस तोंड फिरवतो आणि सुटतो. त्यावर अत्तर शिंपडलं की ते गळ्यात उतरतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही माझ्या धाकट्या भावाकडे, गजाननकडे निघालो. तो गावीच बाग सांभाळतो. रस्ता रिकामा, दुतर्फा राखाडी रान, डांबरावर पाणी असल्याचा भास. एसी लावला तर वास, काच उघडली तर आग, आणि प्रत्येक गिअरला मान पुढे-मागे. काटोल यायच्या थोडं आधी मी म्हटलं, "थांबवा." दार उघडेपर्यंतही धीर निघाला नाही. रस्त्याच्या कडेला वाकून मी ओकले. सकाळचे पोहे, चहा, सगळं. दिवाकर पाण्याची बाटली घेऊन माझ्यामागे उभे राहिले. जरा लांबच उभे राहिले. मला वाटलं, किळस आली असेल माझी. तोंड धुताना मी त्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हटलं, "ईकून टाका ही घाण."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि ते गाडीत जाऊन बसले.

गावी बाग ताणावर होती. पाऊस यायच्या आधी संत्र्याच्या झाडाला पाणी तोडतात, पानं मिटून लोंबायला लागतात, तेव्हाच पुढे पावसात ते फुलोरा धरतं. तहानेली झाडं पाहायला मला लहानपणापासून आवडत नाहीत. गजानननं गाडीभोवती चक्कर मारली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, दोनच पेडल? मंग डावा पाय काय करते गाडीत?"

"रिटायर झाला," दिवाकर म्हणाले. "पेन्शन खाऊन राहिला."

सगळे हसले. मीही हसले.

मग गजानननं नाक मुरडलं. आम्ही नुकतेच उतरलो होतो, दारं उघडीच होती. "बाई, उंदीर मेला असन वं आत. आमच्या ट्रॅक्टरच्या सीटखाली मेला होता मागच्या साली, असाच वास." तो आणि मी टॉर्च घेऊन तासभर सीटखाली, डिकीत, बॉनेटखाली शोधत राहिलो. दिवाकर ओसरीवर खुर्चीत बसून राहिले, बूट न काढता. माझी भावजय पाय धुवायला पाणी घेऊन आली तर म्हणाले, "राहू द्या, आता निघाचंच हाय." निघायला अजून चार तास होते.

नागपूरला परतल्यावर मी वर्कशॉपवाल्यांच्या मागे लागले. तिथले सुपरवायझर मेश्रामभाऊ, पन्नाशीचे, शांत, कानामागे पेन्सिल खोचलेले. पहिल्या खेपेला त्यांनी एसीची जाळी बदलली. काही मिळालं नाही. दुसऱ्या खेपेला डॅशबोर्डखालचं झाकण उघडून हात आत घातला, नळ्या साफ केल्या. काही मिळालं नाही. मी म्हटलं, "म्हणजे मी खोटं बोलून राहिली का?" ते म्हणाले, "तसं नाई मॅडम, पण मले खरंच काई सापडून नाई राहिलं." तेव्हा मी जे बोलले ते आठवून आजही कानशिलं तापतात. चारचौघांत बोलले. तुम्हाला नाक नाही, लाज नाही, लोकांना कुजकी गाडी गळ्यात बांधता, असलं. पोरांना शिकवताना चढतो तो माझा स्वर. दिवाकर माझ्या शेजारी उभे होते. खिशात हात घालून, फरशीकडे पाहत.

तिसऱ्या खेपेला मेश्रामभाऊंनी गाडी ठेवूनच घेतली. सगळ्या सीट काढल्या, खालचा गालिचा काढून धुतला, वाळवला, पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी आम्ही घ्यायला गेलो तेव्हा म्हणाले, "मॅडम, काल संध्याकाळपासून काचा बंद करून ठेवली होती. सकाळी मी सोता आत बसलो, एसी लावून, पंधरा मिनिटं. नाई येत वास. तुमी बसून पाहा."

मी बसले. दार लावलं, एसी लावला, डोळे मिटले. साबण, ओलसर गालिचा, रबर. बस. खरंच नव्हता. इतकं हलकं वाटलं की मी त्यांना धन्यवाद म्हणायलाही विसरले. दिवाकर आले, ड्रायव्हरच्या जागी बसले, दार लावून घेतलं. आम्ही निघालो. पहिला सिग्नल यायच्या आत वास आला.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. दहा मिनिटांपूर्वी या बंद डब्यात मी होते आणि वास नव्हता. आता मी होते, दिवाकर होते आणि वास होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते, पण कपाळावर घाम होता, एसीच्या वाऱ्यात. मग माझी नजर खाली गेली. उजवा पाय ब्रेकवर. डावा पाय बाजूला, कशावरही नाही, नुसता ठेवलेला. बूट. मोजा. मे महिना.

"गाडी बाजूले घ्या."

"काहून?"

"घ्या म्हटलं ना."

एका रसवंतीच्या पुढे, चिंचेच्या सावलीत त्यांनी गाडी लावली. चरखा फिरत होता, घुंगरू वाजत होते. मी उतरून त्यांच्या बाजूला गेले, दार उघडलं.

"बूट काढा."

"घरी पाहू ना."

"इथंच काढा."

त्यांनी काढला नाही. मग मीच तापलेल्या रस्त्यावर उकिडवी बसले, नाडी सोडली, बूट ओढला. वास असा आला की जणू भिंत अंगावर पडली. मोजा करंगळीपाशी ओला होता, पिवळा-तपकिरी, आणि तळव्याला चिकटलेला होता. तो सुटेना. मी जोर लावला. कातडीसकट सुटला. मी दिवाकरांकडे पाहिलं, ते कळवळतील म्हणून. त्यांना काही कळलंच नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

करंगळीच्या खाली रुपयाएवढं भोक होतं. कडा पांढऱ्या, फुगलेल्या, आत काळं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट निळंकाळं. मी तोंड फिरवलं आणि गाडीच्या चाकाशी कोरडीच उबळ काढत राहिले. ज्याच्याशी तीस वर्षं संसार केला त्याच्या पायाशी बसून.

"म्हणूनच सांगतलं नाई," ते वरून म्हणाले.

"तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"तुनं पयल्यांदा काच खाली केली ना, तवापासून."

मी उभी राहिले. काय वाटलं ते सांगायचं तर दया नाही वाटली. मला शिसारी आली. जखमेची होतीच, पण त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांची. मी गुलाब आणले, लिंबू आणलं, एका भल्या माणसाला चारचौघांत निर्लज्ज म्हटलं, आणि हा माणूस शेजारी उभा राहून फरशी पाहत होता. "मले तं काई येऊन नाई राहिला." मला त्यांना तिथंच सोडून निघून जावंसं वाटलं. मी म्हटलं, "सरका तिकडं." त्यांना उठवून बाजूच्या सीटवर बसवलं, पाय डॅशबोर्डला टेकवून वर ठेवायला लावला आणि स्वतः चालवायला बसले. गाडी दवाखान्याकडे वळवली. प्रत्येक गिअरला गाडी मान टाकत होती आणि तो उघडा, सडका पाय माझ्या नजरेच्या कोपऱ्यात पुढे-मागे होत होता.

डॉक्टरांनी पायाच्या तळव्याला ठिकठिकाणी बारीक तार टोचून विचारलं, "कळतं?" दिवाकर डोळे मिटून म्हणत राहिले, "नाही. नाही. नाही." साखर पंधरा वर्षांची. तळव्याच्या जाणिवा गेलेल्या. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर टाकीतलं पाणी पाहायला अनवाणी गेले होते, तापलेल्या गच्चीनं तळव्याला फोड आणला, तो कळला नाही, फुटला, चिघळला. मला न सांगता न्हाणीघरात जंतुनाशक लावत राहिले. त्या जंतुनाशकाचा वास मला घरात येत होता. मला वाटायचं, निवृत्त माणूस आहे, न्हाणीघर साफ करत असेल. बाकी घरभर कूलरचा ओला वारा आणि वाळ्याचा दरवळ. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं जातील. आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर पाय गुडघ्याखाली गेला असता. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, "घरात कोणाला वास नाही आला?"

मी रसायनशास्त्राची शिक्षिका आहे, असं मी त्यांना सांगितलं नाही.

बोटं काढल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, वॉर्डात पडदे ओढलेले असताना दिवाकर आपणहून बोलले. जुन्या गाडीच्या शेवटच्या दिवसांतली गोष्ट. सिग्नलवर उभे होते. "क्लच दाबला का नाई तेच समजेना. खाली वाकून पाह्यलं तं पाय क्लचवर नव्हताच, बाजूले होता. मले वाटत होतं दाबून बसलो हावो. गाडी उडी मारून पुढं गेली. समोर एक पोरगी सायकलवर."

"लागलं तिले?"

"मांगच्या चाकाले धक्का लागला. पडली नाई. तिनंच मले सॉरी म्हटलं वं. तिनंच म्हटलं. तिले वाटलं तिचीच चूक झाली. मी काच बी खाली नाई केली."

आठ दिवसांत त्यांनी ती गाडी विकली.

"मंग मले सांगाचं होतं ना," मी म्हटलं. "माह्या नावावर काहून घेतली?"

"नवऱ्याचा पाय गेला म्हणून गाडी बदलली, असं सांगत फिरू का लोकाईले? बायकोसाठी घेतली म्हटलं का कोणी काई इचारत नाई."

खरं होतं. कुणीच विचारलं नव्हतं. शोरूमवाल्यानं नाही, मोटरसायकलवाल्यानं नाही, गजानननं नाही. बाईला जमत नाही, हे सगळ्यांनी किती सहज मान्य केलं होतं. मीही रागावले ती माझ्या अपमानासाठी. त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्हीच काहून चालवता ही, जर माझ्यासाठी घेतली. पलंगाच्या लोखंडी कठड्याला धरून मी बसून राहिले. त्यांना माफ केलं असं काही त्या दुपारी झालं नाही.

घरी आल्यावर रोजचं ड्रेसिंग माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी पट्टी सोडली आणि मी तशीच उठून मोरीत जाऊन ओकले. परत येऊन पुन्हा बसले. "नर्स लावू," ते म्हणाले. "चुप बसा," मी म्हटलं. लोक म्हणतात, आपल्या माणसाची घाण वाटत नाही. वाटते. आपल्याच माणसाची जास्त वाटते, कारण तिथून उठून जाता येत नाही. मी दातावर दात धरून सलाइनच्या पाण्यानं ती जागा धूत गेले. बोटांच्या जागी लाल मांस होतं, मग गुलाबी झालं, मग एक दिवस कडेनं पातळ नवी कातडी सरकताना दिसली.

जूनच्या शेवटी मी एकटीच वर्कशॉपमध्ये गेले. मेश्रामभाऊ मला पाहून जरा ताठ झाले. मी त्यांना सगळं सांगितलं, जिथं ओरडले होते तिथंच, लोकांसमोर. ते ऐकत राहिले. मग कानामागची पेन्सिल काढून हातात फिरवत म्हणाले, "मॅडम, सीट काढल्या ना, तवा ड्रायव्हरच्या बाजूच्या गालिच्यावर डाग होता. मले शंका आली होती. पण गिऱ्हाइकाले कसं इचाराचं, साहेब तुमचा पाय दाखवा म्हणून?" मग म्हणाले, "इचाराले पाह्यजे होतं."

त्यानंतर कंपनीकडून एका मुलीचा फोन आला. गाडीबद्दलचा अभिप्राय हवा होता. मी सांगितलं, गिअर बदलताना झटके देते, चढावर मागे येते, पॉलिथिन काढल्याशिवाय बसू नये. "इतर कोणाला ही गाडी सुचवाल का, मॅम?" मी म्हटलं, "डावा पाय धड असलेल्याला नाही." ती म्हणाली, "ओके मॅम, मी 'नाही' लिहिते."

डॉक्टरांनी दिवाळीनंतर गाडी चालवायची परवानगी दिली, फक्त अशीच, दोन पेडलांची, आणि उजव्या पायाची तपासणी पुन्हा पुन्हा करून. गाडी गिअर बदलायच्या बेतात असली की रेसवरून पाय किंचित उचलायचा, म्हणजे झटका कमी बसतो, हे मेश्रामभाऊंनी शिकवलं. दिवाकरांना ते साधलं. मला अजून नीट साधत नाही. मला ती अजूनही आवडत नाही. पण या उन्हाळ्यात ते रोज सकाळी तिच्यातून बाहेर पडतात. भाजी आणतात, मित्रांकडे जातात. मागच्या आठवड्यात एकटे गजाननकडे जाऊन आले आणि येताना डिकी भरून गावरान आंबे आणले, जे त्यांनी खायचे नाहीत.

किल्ली माझ्या पर्समध्ये असते. ती मिळण्याआधी ते ड्रायव्हरच्या सीटवर आडवे बसतात, दोन्ही पाय दाराबाहेर काढून. मी अंगणात पाटावर बसते. आधी उजवा, मग डावा. बोटांच्या बेचक्या, टाच, कडा. तळव्याखाली दाढीचा छोटा आरसा धरते, कारण काही ठिकाणं वाकूनही दिसत नाहीत. मग नाक जवळ नेते. अगदी जवळ. अजूनही पोटात पहिल्यांदा एक उबळ येते, रोज येते. ती गेली की मग खरा वास घेता येतो. समोरच्या वहिनींनी एकदा फाटकातून पाहिलं आणि लाजून आत गेल्या.

आज सकाळी मी जरा जास्त वेळ लावला. सुट्टीतल्या कामासाठी कॉलेजला जायचं होतं, उशीर होत होता, ऊन अंगणात पाटापर्यंत आलं होतं. दिवाकरांनी वरून विचारलं, "काय दिसून राहिलं?"

"पाय," मी म्हटलं आणि किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.